पेटीतल्या बाळाचा व्यायाम : पटणारी कल्पना आणि पुरेसा पुरावा



गाईडकडे पहिल्यांदा विषय घेऊन जाताना बहुतेक जण दोनपैकी एका ठिकाणी अडखळतात. एक तर "यावर काहीच काम झालेलं नाही" म्हणून, नाहीतर "यावर सगळं काम होऊन गेलंय" म्हणून. यातलं दुसरं जास्त फसवं. चार-पाच पेपर उघडले, सगळ्यांत 'फायदा दिसला' असं लिहिलेलं, की विषय संपला असं वाटतं. तो खरंच संपलाय का, हे कसं ओळखायचं ते आज एका उदाहरणावरून बघूया.

उदाहरण आहे कमी दिवसांच्या बाळांचं. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अकाली जन्मलेलं बाळ म्हणतात. आपल्याकडे साध्या भाषेत 'बाळ पेटीत ठेवलंय' म्हणतात, ती बरीचशी हीच बाळं. २०२० मध्ये जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं अशी जन्मली, म्हणजे दर दहांमागे एक. त्यातली ३० लाखांच्या आसपास भारतात, आणि हा आकडा कुठल्याही देशापेक्षा मोठा आहे. या बाळांच्या हातापायांना दुसऱ्या कुणीतरी रोज पाच-दहा मिनिटं हलकासा व्यायाम करून दिला, तर त्यांची हाडं मजबूत होतील का? प्रश्न एवढाच आहे.

आधीच एक सांगते. मी विज्ञानाची संशोधक विद्यार्थिनी आहे, बालरोगतज्ज्ञ नाही. हा लेख पुरावा कसा वाचायचा याबद्दल आहे, बाळाला व्यायाम कसा द्यायचा याबद्दल नाही. घरात किंवा ओळखीत कमी दिवसांचं बाळ असेल तर यातलं काहीही स्वतःच्या मनाने करून बघू नका. या बाळांची हाडं किती नाजूक असतात ते पुढे येईलच.

हाडं भरायची वेळ आणि जन्माची वेळ

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या हाडांत जेवढं कॅल्शिअम आणि फॉस्फरस असतं, त्यातलं साधारण ८०% गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून बाळाकडे जातं. या काळात गर्भ रोज दर किलो वजनामागे १०० मिलिग्रॅमच्या पुढे कॅल्शिअम साठवत असतो. आता २८व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ डोळ्यांसमोर आणा. हाडं भरायचा हंगाम नुकता सुरू झाला होता आणि तेवढ्यात पुरवठ्याची नळीच तुटली.

बाहेर आल्यावर दूध मिळतं, पण हिशोब जमत नाही. आईच्या १०० मिलिलिटर दुधात कॅल्शिअम असतं साधारण २५ ते ३० मिलिग्रॅम. बाळाने दिवसाला दर किलोमागे १५० मिलिलिटर दूध घेतलं तरी कॅल्शिअम पोटात जातं ४० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तेही सगळं शोषलं जात नाही. म्हणून फार लहान बाळांच्या दुधात फॉर्टिफायर, म्हणजे खनिजं आणि प्रथिनं असलेली पूड, मिसळतात. त्यात काही बाळांना आठवडेच्या आठवडे सलाइनमधून पोषण द्यावं लागतं, काहींना स्टेरॉइड द्यावं लागतं, काहींना लघवी वाढवणारी औषधं द्यावी लागतात आणि त्यातल्या काही औषधांमुळे कॅल्शिअम लघवीवाटे निघून जातं.

परिणामी काही बाळांची हाडं विरळ राहतात. डॉक्टर याला 'मेटाबॉलिक बोन डिसीझ ऑफ प्रीमॅच्युरिटी' म्हणतात. रक्तातलं फॉस्फेट कमी होतं, अल्कलाइन फॉस्फटेज वाढतं, आणि आजार जास्त असेल तर रोजच्या साध्या हाताळणीतही बरगडी किंवा हातापायाचं हाड मोडू शकतं.

पोटातल्या लाथा कशासाठी असतात?

आतापर्यंत आपण फक्त मालाचा हिशोब केला. पण विटा आणि सिमेंट येऊन पडलं म्हणून भिंत उभी राहत नाही, कुठे बांधायचं ते गवंड्याला कुणीतरी सांगावं लागतं. हाडाच्या बाबतीत ते काम ताण करतो.

जर्मन शल्यवैद्य यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडलं होतं की हाडावर जसा भार पडतो तशी हाडाची रचना बदलते. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेतले हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांनी 'मेकॅनोस्टॅट' ही कल्पना आणली. घरातला थर्मोस्टॅट तापमान बघून हीटर चालू-बंद करतो, तसं हाड स्वतःवरचा ताण बघून बांधणी वाढवतं किंवा कमी करतं. ताण ओळखायचं काम हाडाच्या आत अडकून बसलेल्या पेशी करतात, त्यांचं नाव ऑस्टिओसाइट. या पेशी स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन तयार करतात आणि ते बांधणाऱ्या पेशींना आवरून धरतं. ताण पडला की स्क्लेरोस्टिन कमी होतं आणि बांधकामाला मोकळीक मिळते.

मोठ्या माणसांत याचे पुरावे ढळढळीत आहेत. टेनिस खेळाडूच्या खेळायच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. अंतराळवीरांना भारच नसतो, तर त्यांच्या कंबर-मांडीच्या हाडांची घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्क्याने उतरते.

गर्भाचंही तसंच. शेवटच्या महिन्यांत जागा अपुरी पडायला लागते. बाळ लाथ मारतं ती गर्भाशयाच्या भिंतीवर बसते आणि भिंत उलटा दाब देते. आई-आजी कौतुकाने ज्या लाथा मोजतात, तो बाळाचा भिंतीला रेटून केलेला व्यायामच असतो. स्नायूंच्या किंवा मज्जातंतूंच्या आजारामुळे जी बाळं पोटात फारशी हललेलीच नसतात, ती बारीक, नाजूक हाडं घेऊन जन्मतात.

पेटीत मात्र ही भिंत नाही. बाळ पाय झाडतं ते हवेत. आजारी असेल तर तेही नाही, नुसतं पडून असतं. म्हणजे २८व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचा माल तुटला आणि गवंड्याला मिळणारी सूचनाही बंद झाली.

इथून कल्पना आपोआप सुचते. भिंत नाही, तर आपल्या हाताने तेवढा दाब द्यावा.

व्यायाम म्हणजे नेमकं काय करतात?

प्रशिक्षित नर्स किंवा थेरपिस्ट मनगट, कोपर, खांदा, घोटा, गुडघा, खुबा असे एकेक सांधे हलकेच वाकवतात आणि सरळ करतात. वाकवताना सांध्यावर अगदी हलका दाब देतात. प्रत्येक हालचाल पाच वेळा. एकूण पाच ते दहा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, चारेक आठवडे. सुरुवात बाळ स्थिर झाल्यावरच करायची, आणि तेव्हाही श्वास, हृदयाचे ठोके आणि ऑक्सिजन यांवर नजर ठेवून.

ही आपल्याकडची तेल-मालिश नव्हे. मालिशमध्ये त्वचेला स्पर्श आणि चोळणं मुख्य असतं, इथे सांध्याची हालचाल आणि दाब मुख्य. हा फरक वरवरचा वाटेल, पण थोड्या वेळात तोच कळीचा ठरणार आहे.

पहिल्या चाचण्या

१९९५ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातून लॉरी मोयर-मिलर आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. २६ बाळं, १३ व्यायामाच्या गटात आणि १३ कंट्रोल गटात. व्यायाम मिळालेल्या बाळांचं वजन जास्त वाढलं आणि हाडांतली खनिजंही जास्त भरली. याच गटाच्या २००० सालच्या, ३२ बाळांच्या चाचणीतही निष्कर्ष त्याच दिशेचे होते. २००३ मध्ये इस्रायलमधल्या लिटमानोविट्झ यांच्या गटाने २४ बाळांवर चाचणी केली. २००८ मध्ये मोयर-मिलर यांनी ३३ बाळांचे तीन गट केले. एकात व्यायाम थेरपिस्टने दिला, एकात शिकवून तयार केलेल्या आईने, तिसरा कंट्रोल. आईच्या हातूनही परिणाम थेरपिस्टसारखाच दिसला.

आता तुम्ही म्हणाल, झालं की! यंत्र लागत नाही, औषध लागत नाही, आईचे दोन हात पुरतात. जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूमध्ये उद्यापासून सुरू करता येईल. पेटीबाहेर दिवसभर बसून राहणाऱ्या आईलाही आपण बाळासाठी काहीतरी करतोय असं वाटेल.

मोह मोठा आहे. म्हणूनच इथे थांबून चार प्रश्न विचारायचे.

प्रश्न १ : तुलना कशाशी केली?

समजा एका गटाला रोज दहा मिनिटं व्यायाम दिला आणि दुसऱ्याला काहीच केलं नाही. पहिल्या गटाचं वजन वाढलं. मग वजन वाढलं ते व्यायामामुळे, की कुणीतरी रोज दहा मिनिटं हात लावला म्हणून?

शंका उगाच नाही. १९८६ मध्ये टिफनी फील्ड यांच्या गटाने ४० बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. स्पर्श आणि हालचालीचे सेशन मिळालेल्या बाळांचं वजन रोज ४७% जास्त वाढलं. त्या सेशनची रचना बघा. पंधरा मिनिटांपैकी पहिली आणि शेवटची पाच मिनिटं हात फिरवणं, मधली पाच मिनिटं हातपाय वाकवणं-सरळ करणं. मग फायदा कोणत्या भागाचा? त्या रचनेतून ते वेगळं काढता येत नाही.

१९९५ च्या चाचणीतली हुशारी इथे आहे. त्यांच्या कंट्रोल गटातल्या बाळांनाही रोज कुशीत घेतलं जात होतं, अंगावरून हात फिरवला जात होता. म्हणजे स्पर्श दोन्ही गटांत, फरक फक्त हालचाल आणि दाबाचा. प्रपोजल लिहिताना हे लक्षात ठेवा : कंट्रोल गट म्हणजे 'काहीच न केलेले लोक' नव्हेत. ज्या एका गोष्टीचा परिणाम तुम्हाला बघायचाय ती सोडून बाकी सगळं सारखं मिळालेले ते लोक.

दुसरी अडचण ब्लाइंडिंगची. गोळी असती तर सारखी दिसणारी खोटी गोळी देता आली असती, खोटा व्यायाम कसा देणार? देणाऱ्याला गट कळणारच. पण मोजणाऱ्याला कळू न देणं शक्य असतं. चाचणी वाचताना हाडांचं मोजमाप करणाऱ्याला बाळाचा गट माहीत होता का, ते आधी शोधा.

प्रश्न २ : मोजलं काय?

आपल्याला काळजी आहे हाड मोडण्याची. चाचण्यांनी मोजलं काय? काहींनी डेक्सा यंत्रावर हाडातली खनिजं मोजली. काहींनी अल्ट्रासाउंडने नडगीच्या हाडातून ध्वनी किती वेगाने जातो ते मोजलं. हे बाळाच्या खाटेजवळच करता येतं आणि क्ष-किरण लागत नाहीत. काहींनी रक्तातले बांधणी आणि झिजेचे घटक मोजले.

या सगळ्यांना सरोगेट आउटकम म्हणतात. आपल्याला खरं जे हवंय त्याच्या बदली, मोजायला सोपं म्हणून घेतलेलं. सरोगेट वापरणं गैर नाही, पण त्याच्या मर्यादा माहीत हव्यात. दोन सांगते.

पहिली, खनिजांचं एकूण प्रमाण आणि घनता या वेगळ्या गोष्टी. व्यायामाच्या गटातलं बाळ एकूणच जास्त वाढलं असेल तर त्याचं हाड मोठं असणार, आणि मोठ्या हाडात खनिजं जास्त असणारच. त्यावरून हाड जास्त चिवट झालं असं थेट म्हणता येत नाही.

दुसरी, 'सुधारणा' हा शब्द. अकाली जन्मलेल्या बाळांच्या नडगीतला ध्वनीचा वेग जन्मानंतरच्या आठवड्यांत सहसा उतरत जातो. इस्रायलच्या चाचणीत कंट्रोल गटात तो उतरला आणि व्यायामाच्या गटात टिकून राहिला. म्हणजे हाड 'मजबूत झालं' असं नाही, 'कमकुवत होणं थोपवलं' असं. त्या पेपरच्या शीर्षकातही घट रोखण्याचीच भाषा आहे. पण पेपर वाचून कुणी दुसऱ्याला सांगतं, तो तिसऱ्याला, आणि तिसऱ्यापर्यंत 'व्यायामाने हाडं मजबूत होतात' एवढंच उरतं. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना हा घसरडा उतार सांभाळा.

प्रश्न ३ : सगळं एकत्र केल्यावर आकडा केवढा?

कॉक्रेन रिव्ह्यू तुम्हाला माहीत असेल. एका प्रश्नावरच्या सगळ्या चाचण्या ठरलेल्या नियमांनी शोधून, तपासून, जमतील तिथे एकत्र केलेल्या असतात. या विषयावरचा रिव्ह्यू २००७ मध्ये आला आणि २०१४ मध्ये सुधारला. २०१४ च्या आवृत्तीत ११ चाचण्या आहेत. सगळ्या मिळून बाळं ३२४. प्रत्येक चाचणी एकाच रुग्णालयातली, १६ ते ५० बाळांची.

वजन : व्यायामाच्या गटात रोज दर किलोमागे सरासरी २.२१ ग्रॅम जास्त वाढ, ९५% कॉन्फिडन्स इंटरव्हल १.२३ ते ३.१९. नुसता आकडा वाचून पुढे जाऊ नका, त्याचं बाळ करून बघा. दीड किलोच्या बाळाला रोज ३.३ ग्रॅम, चार आठवड्यांत ९० ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा जिवाच्या मानाने हे थोडं नाही.

लांबी : आठवड्याला ०.१२ सेंटिमीटर जास्त, इंटरव्हल ०.०१ ते ०.२४. चार आठवड्यांत अर्धा सेंटिमीटर. पण इंटरव्हलचं खालचं टोक घेतलं तर चार आठवड्यांत फक्त ०.४ मिलिमीटर! पाय आखडून घेणाऱ्या बाळाची लांबी दोन जणांनी मोजली तर त्यांच्यातच याहून मोठा फरक पडतो. शून्याला न शिवणारा इंटरव्हल आणि बाळाच्या उपयोगाचा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही.

डोक्याचा घेर : फरक नाही.

हाडं : चार चाचण्यांत कार्यक्रम संपताना खनिजं भरण्यात मध्यम फायदा दिसला. पुढे काय झालं हे पाहणारी एकच चाचणी होती आणि तिच्यात १२ महिन्यांच्या दुरुस्त वयाला, म्हणजे मूळ प्रसूतीच्या तारखेपासून मोजलेल्या वयाला, फरक उरला नव्हता.

रिव्ह्यूचा निष्कर्ष असा : थोड्या काळापुरता वजनाला आणि हाडांना फायदा होत असावा, पण नुकसान आणि दूरचे परिणाम ठरवायला माहिती अपुरी आहे, म्हणून सध्याचा पुरावा सरसकट वापराला आधार देत नाही.

हे वाक्य नीट वाचा. 'उपयोग नाही' असं ते म्हणत नाही आणि 'करायला हरकत नाही' असंही म्हणत नाही. 'सरसकट करा असं म्हणण्याइतकं आपल्याला अजून माहीत नाही,' असं म्हणतं. व्हायव्हामध्ये या तिन्हींतला फरक विचारला तर सांगता आला पाहिजे.

प्रश्न ४ : जे घडलं नाही, त्याचा अर्थ काय?

त्या ११ चाचण्यांपैकी हाड मोडण्याची नोंद दिलेली फक्त एक, आणि तिच्यात एकाही बाळाचं हाड मोडलं नव्हतं. मग व्यायाम सुरक्षित का?

इथे 'तिनाचा नियम' कामाला येतो. n जणांत एखादी घटना एकदाही घडली नाही, तर तिचं खरं प्रमाण ९५% खात्रीने ३/n पेक्षा कमी आहे, एवढंच म्हणता येतं. ३० बाळांत शून्य फ्रॅक्चर, तर खरं प्रमाण १०% पर्यंत असू शकतं. ३०० बाळांत शून्य असेल तर १% पर्यंत. शून्य दिसतं सारखंच, पण त्यामागे किती बाळं आहेत त्यावर त्याचं वजन ठरतं.

आता उलट बाजूने. व्यायामाने फ्रॅक्चर कमी होतात हे दाखवायला किती बाळं लागतील? समजा, फक्त गणितासाठी, फ्रॅक्चरचं प्रमाण २% आहे आणि ते १% वर येईल अशी अपेक्षा आहे. ८०% पॉवर आणि ५% सिग्निफिकन्स धरून प्रत्येक गटात साधारण २,३०० बाळं लागतात. २०१४ च्या रिव्ह्यूत होती सगळ्या चाचण्या मिळून ३२४.

पण प्रमाण १०% असेल आणि ते ५% वर आणायचं असेल, तर प्रत्येक गटात ४३० च्या आसपास पुरतात. रिव्ह्यूने 'ज्यांना मुळातच धोका जास्त आहे अशा बाळांना चाचणीत घ्या' असं का सुचवलं, ते या आकड्यांतून कळतं. पण लगेच दुसरी बाजूही दिसते. धोका जास्त असलेली बाळं म्हणजे सगळ्यांत नाजूक बाळं. ज्याच्या हाडासाठी व्यायाम द्यायचा, तेच हाड व्यायामाने दुखावण्याची भीती. शिवाय नुसत्या हाताळण्यानेही अशा बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो, ऑक्सिजन खाली येऊ शकतो. त्यामुळे चाचणीत नुकसानाची नोंद फायद्याइतक्याच काटेकोरपणे ठेवावी लागते.

भारतातली चाचणी आणि 'फरक दिसला नाही'

दिल्लीच्या एम्समध्ये ३५ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या ५० बाळांवर अशीच रँडमाइझ्ड चाचणी झाली आणि २०१८ मध्ये 'इंडियन पेडियाट्रिक्स'मध्ये आली. गर्भधारणेच्या हिशोबाने ४० आठवडे पूर्ण झाल्यावर नडगीतला ध्वनीचा वेग मोजला. दोन्ही गटांत सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय फरक दिसला नाही.

म्हणजे आधीच्या चाचण्या खोट्या ठरल्या का? नाही. ५० बाळांच्या चाचणीत मध्यम आकाराचा खरा फरकही निसटू शकतो. बाळं किती आठवड्यांची होती, आजारी किती होती, दुधात फॉर्टिफायर होता का, मोजमाप कोणत्या आठवड्यात केलं, यानेही निकाल बदलू शकतो. मला यातला पोषणाचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. माल पुरेसा नसताना गवंड्याला सूचना देऊन भिंत वाढेल का? आणि माल भरपूर असेल तर सूचनेने कितीशी भर पडेल? कॅल्शिअम, फॉस्फरस आणि प्रथिनं किती मिळाली हे न सांगता व्यायामाचा परिणाम सांगणं अर्धवट आहे. पुढच्या चाचण्यांनी पोषणाकडे बघावं असं रिव्ह्यूनेही म्हटलंय.

पुरेसा पुरावा दिसतो कसा?

याच बाळांसाठीची, तितकीच साधी, हातांनीच करायची दुसरी गोष्ट बघा : कांगारू केअर, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरणं. १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडायच्या, त्यातून ही पद्धत आली. तीही सुरुवातीला एक पटणारी कल्पनाच होती. नंतर चाचण्या होत गेल्या. बाळ स्थिर होण्याची वाट न बघता जन्मानंतर लगेच ती सुरू करावी का, या प्रश्नावर जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या पाच रुग्णालयांत चाचणी घेतली. ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. बाळं ३,२११, जन्माचं वजन १ ते १.८ किलोच्या आत. मोजलं काय? बाळ जगलं की नाही. २८ दिवसांतले मृत्यू १५.७% वरून १२% वर आले, म्हणजे साधारण दर २७ बाळांमागे एक जीव वाचला. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्याआधी थांबवली गेली. पुढच्याच वर्षी संघटनेने तशी शिफारस केली.

दोन्ही उपाय स्वस्त, दोन्ही आईच्या हातातले, दोन्हींमागचं शरीरशास्त्र पटणारं. फरक आहे तो विचारलेल्या प्रश्नात, मोजलेल्या गोष्टीत आणि बाळांच्या संख्येत.

मग तुमच्यासाठी यात काय आहे?

हजारो बाळांची चाचणी एकट्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात नाही, हे खरं. पण मोठ्या चाचणीआधी जी कामं व्हावी लागतात ती आवाक्यातली आहेत. नडगीतला ध्वनीचा वेग दोन वेगवेगळ्या माणसांनी मोजला तर किती जुळतो? व्यायाम चालू असताना ऑक्सिजन आणि ठोक्यांत काय बदल होतात? शिकवल्यानंतर आठवड्याने आई तीच हालचाल त्याच पद्धतीने करते का? पोषणाची नोंद ठेवून छोटी, पण नीट आखलेली चाचणी करता येईल का? यातला कुठलाही प्रश्न घेतलात तरी एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, आणि चाचणी असेल तर पहिलं बाळ घेण्याआधी सीटीआरआयवर नोंदणी. मुख्य मोजमाप कोणतं ते तिथेच लिहून ठेवावं लागतं, म्हणजे निकाल हाती आल्यावर सोयीचं मोजमाप निवडायचा रस्ता बंद होतो.

आता पुन्हा सुरुवातीच्या शंकेकडे. 'फायदा दिसला' असं म्हणणारे पेपर सापडले म्हणून विषय संपत नाही. तुलना कशाशी केली, मोजलं काय, आकडा केवढा आणि जे घडलं नाही त्यामागे किती जण होते, हे चार प्रश्न प्रत्येक पेपरला विचारा आणि उत्तरं एका तक्त्यात मांडा. त्यातले रिकामे राहिलेले रकाने म्हणजेच तुमचा रिसर्च गॅप. या विषयातल्या तक्त्यात फ्रॅक्चर, नुकसान आणि एका वर्षानंतरची स्थिती हे तिन्ही रकाने जवळपास रिकामे आहेत. आणि दर वर्षी अशी लाखो बाळं आपल्याच देशात जन्मतायत.